कुसुम सिस्टरांची वरात

सिस्टर, परवा वाशिंदला तुमच्या पुण्यानुमोदनाला माईक माझ्या हातात आला आणि मी शिरस्त्याप्रमाणे माती खाल्ली. प्रज्ञा म्हणाली होती, "ब्रदर, आईबद्दल दोन शब्द बोला." तुमच्या लेकीला माझी अजून सवय नाही. तुम्ही शहापूरहून बदलून आमच्या मुरबाडच्या रुग्णालयात आलात त्या दिवसापासून मी सुरुवात केली. पहिल्याच दिवशी तुम्ही औषधांच्या कपाटाला नवं कुलूप लावलंत, त्याची किल्ली मी खिशात घालून घरी नेली, ती परत आणताना एसटीत विसरलो. मंडपातली माणसं आधी हसली, मग हसायची थांबली, मग मागे आचाऱ्याने पातेल्यांची झाकणं वाजवायला घेतली. भंतेजींनी माझ्याकडे पाहिलं, ते इतक्या करुणेने की मी "तर असं" म्हणून माईक खाली ठेवला. तुम्ही गेलात याबद्दल जे म्हणायचं होतं ते त्या किल्लीपाशीच राहिलं.

मंडपातून बाहेर पडताना तुमचं वाक्य आठवलं. "ब्रदर, गोष्ट नको. माणूस सांग."

म्हणून आता लिहितो. इथे झाकणं वाजवणारं कोणी नाही.

आपल्या धंद्यातला नसलेला कोणी हे वाचत असेल, त्याच्यासाठी एवढं सांगायला हवं, तुम्ही कंटाळू नका. पाळी संपली की जाणाऱ्या नर्सने येणाऱ्या नर्सला वॉर्डातल्या एकेका पेशंटची हकीकत सांगायची, याला आपण ओव्हर देणं म्हणतो. बाहेरच्यांना वाटतं, नर्सचं काम म्हणजे सुई आणि सलाईन. मलाही तसंच वाटायचं. ओव्हर म्हणजे चहा पिताना करायची गोष्ट. टेबलाभोवती बसायचं, कॉट नंबर एक, कॉट नंबर दोन, असं म्हणत जायचं, मध्ये मी एखादा किस्सा सोडायचा, सगळ्यांनी हसायचं. माझ्या किश्शांपायी माझीच शहापूरची एसटी किती वेळा चुकली, याची कीर्ती डेपोपर्यंत होती. कंडक्टर विचारायचे, "काय ब्रदर, आज कथा लांबली?"

मग ते हर्नियाचं झालं. तुम्ही हसाल, पण तेव्हा हसला नव्हतात.

चार नंबरच्या कॉटवरच्या बाबांचं दुपारी हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्यांना उपाशी ठेवायचं, असा ओव्हर मी टेबलावरून तुम्हाला दिला आणि एसटी पकडायला पळालो. चार नंबरच्या उशाशी भिंतीत प्लग होता, वॉर्डातला तेवढाच एक चालू. पाच नंबरवरच्या आजोबांच्या मुलीचा फोन यायचा होता आणि त्यांच्या मोबाईलने मान टाकली होती. तेव्हा चार आणि पाच यांनी गुण्यागोविंदाने आपसात कॉट बदलून घेतल्या होत्या. मी ओव्हर द्यायच्या आधीच. मी तिकडे वळून पाहिलं असतं तर दिसलं असतं. मी टेबलावर होतो.

त्यामुळे ज्या आजोबांना घरी सोडायचं होतं, त्यांना तुम्ही दुपारपर्यंत पाण्याचा थेंब दिला नाही. आणि ज्यांचं पोट उघडायचं होतं ते पलीकडे बसून दोन वडापाव आणि वर केळं खाऊन तृप्त झाले. आजोबांना तुम्ही विचारलंत, "अहो, मग बोलायचं ना, की माझं ऑपरेशन नाही म्हणून."

"आता तुमी बोलल्या खायचा नाय, मंग कसा खाऊ? मना वाटला घरी जायच्या अगोदर उपास धरावा लागतो."

सर्जन आठवड्यातून एकदा येणारे. ऑपरेशन पुढे गेलं. ड्युटीवर तुम्ही होतात, म्हणून बोलणी तुम्हाला बसली. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी आलो तर टेबलाभोवतीच्या खुर्च्या गायब. तुम्ही त्या ओपीडीत नेऊन ठेवल्या होत्या. "आजपासून ओव्हर उभ्याने. कॉटपाशी," म्हणालात.

तुमची पद्धत सोपी होती. जाणारे आणि येणारे सगळे मिळून एकेका कॉटपाशी जायचं. पेशंटने स्वतः आपलं नाव सांगायचं. मग जाणाऱ्याने तीनच गोष्टी सांगायच्या: काय झालंय, माझ्या पाळीत काय बदललं, पुढे कशावर नजर ठेवायची. येणाऱ्याने त्याच तीन जशाच्या तशा उलट म्हणून दाखवायच्या. चुकला की परत. मी याला वरात म्हणायला लागलो. नवरदेव कॉटवर, वऱ्हाडी पायथ्याशी, बँडवाला मी. नाव मी ठेवलं चेष्टेने, आणि पेशंटनीच ते उचललं. दोन वाजत आले की आजीबाई पदर सारखा करत म्हणायच्या, "वरात आली गो, उठून बस."

माझा आक्षेप तुम्हाला पाठ होता, तरी सांगतो, कारण त्याचा निकाल अजून लागलेला नाही. माझं म्हणणं, तीन गोष्टींत माणूस मावत नाही. तुमचं म्हणणं, "तुझ्या गोष्टीत माणूस मावतो, पण सापडत नाही." एकाच पाळीत असलो की शहापूरच्या एसटीत आपण यावर भांडायचो. तुम्ही खिडकीशी, मांडीवर डबा. मी उभा, कारण माझी भाषणं बसून होत नाहीत. एकदा तुम्ही भाताची उपमा काढलीत. "तू पोतंभर भात ओततोस माझ्या पुढ्यात. त्यातला खडा मी शोधायचा."

मी म्हणालो, "पण सिस्टर, खडा त्या पोत्यातच असतो ना?"

तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. हरलात की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. जिंकलात तरी तेच करायचात, म्हणून मला हिशेब कधी लागला नाही.

आणि मग आला बाळू. वैशाखऱ्याकडचा तरुण शेतकरी, नवं लग्न झालेला. भातकापणीचे दिवस होते. सकाळी पोट धरून आला, सोबत बायको आणि सासू. अंगावर जखम नाही, ताप नाही. आदल्या दिवशी सासुरवाडीला कोंबडी कापली होती. डॉक्टरांनी पोट तपासलं, सलाईन लावलं, नजर ठेवा म्हणाले. माझी सकाळची पाळी होती. स्टाफ अपुरा असल्यामुळे इन्चार्ज असूनही तुम्ही दुपारच्या पाळीला येत होतात. तुम्ही पर्स ठेवून पाणी पीत होतात. वरात निघायच्या आधी मला राहवलं नाही.

"सिस्टर, आज एक जावई आलाय," मी सुरू केलं. "सासूच्या हातची कोंबडी अशी काही हाणली की पोट फुगलं, आणि आता लाजेने सासूसमोर डोळे उघडत नाही. सासू म्हणते, रात्री घरात झोप म्हटलं तर ऐकलं नाही, खळ्यावर भाताच्या राखणीला गेला. बायको हाका मारते, हा डोळे मिटून नव्या नवरीसारखा पडलाय."

इव्हनिंगच्या मुली हसल्या. तुम्ही ग्लास ठेवलात.

"कुठे झोपला म्हणालास?"

"खळ्यावर."

"खाली?"

"मग काय, खळ्यावर पलंग टाकतात?"

तुम्ही तोवर निघालाही होतात. मी मागून, अजून हसतच. कॉटपाशी जाऊन तुम्ही वाकलात. "बाळू, वर बघ. माझ्याकडे बघ, बाळा."

त्याने कपाळ वर केलं. कपाळाला आठ्या पडल्या, भुवया चढल्या, आणि पापण्या होत्या तिथेच राहिल्या. मी ते दृश्य विसरलो नाही. माणूस आपली सगळी ताकद लावून दोन पापण्या उचलू बघतोय आणि त्या उचलत नाहीत.

"मण्यार," तुम्ही म्हणालात. एवढंच. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास. हे मलाही शिकवलेलं होतं. पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर धावत आले, सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं. कल्याणला नेताना वाटेत श्वास थकला तेव्हा अँब्युलन्समध्ये मीच श्वास देणारा रबरी फुगा दाबत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुरबाड ते कल्याण मी एक शब्द बोललो नाही. बाळू वाचला. काही दिवसांनी पायी चालत वॉर्डात आला, सासूसकट.

यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो, सिस्टर. त्याला कोणी वाचवलं? मी म्हणायचो, माझ्या गोष्टीने. तुमच्या तीन कलमांत मी काय सांगितलं असतं? पोटदुखी, सलाईन चालू, लघवी बघा. खळं आलं नसतं, सासू आली नसती, मिटलेले डोळे तर नाहीच. तुम्ही म्हणायचात, वरातीने. "कॉटपाशी उभी राहिले असते तर मला दिसलंच असतं."

"झोपलेला माणूस दिसला असता. झोपलेल्याला कोण उठवतं?"

"त्याचं नाव त्याने सांगायचं असतं, ब्रदर. उठवलंच असतं."

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी लगेच विषय बदलायचो. पण तुम्हीही एकदा कबूल केलंत की ग्लास खाली ठेवायला लावला तो माझ्या जावयाने. मग किन्हवलीचा थांबा आला, पाट्या घेऊन बायका चढल्या, आणि तेवढ्यावर राहिलं.

तुमचा आजार कळला तेव्हा तुम्ही आम्हाला तो तीन वाक्यांत सांगितलात. काय झालंय, काय बदललं, कशावर नजर ठेवायची. मी उलट म्हणून दाखवला नाही. जमलं नाही.

पुढे तुम्ही कल्याणच्या मोठ्या रुग्णालयात होतात, तिथे मी सकाळपासून येऊन बसलो होतो, तो दिवस. दुपारचे दोन वाजत होते. बाहेर काउंटरवर त्यांच्या मुली ओव्हर देत होत्या, कॉम्प्युटरकडे बघून. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं झोप लागली. "ऐकतोयस का?" तुम्ही हळूच म्हणालात. "माझं चाललंय." मग नवीन पाळीची मुलगी आत आली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "बाळा, हा आमचा ब्रदर आहे. माझा ओव्हर याला देऊ दे. याला फार हौस."

ती मुलगी हसली. चांगली होती, थांबली. आणि मी काय केलं? मला वाटलं, एवढी वर्षं या बाईला छळलं, आज तिच्या मनासारखं करावं. सरळ उभा राहिलो. "कुसुम सिस्टर. श्वास सकाळपेक्षा जड आहे. डाव्या कुशीवर वळवलं की दुखतं, पण सांगणार नाहीत. पाणी मागत नाहीत, त्यांना विचारून द्यावं लागेल." त्या मुलीने तिन्ही उलट म्हणून दाखवल्या. इतका नेटका ओव्हर मी जन्मात दिला नव्हता. शाबासकीसाठी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "एवढंच?" म्हणालात.

"तीनच सांगायच्या ना? नियम तुमचा."

तुम्ही खिडकीकडे तोंड वळवलंत.

ते आपलं शेवटचं बोलणं. तेव्हापासून मी त्या एका शब्दाभोवती फिरतोय. एवढंच, म्हणजे गोष्ट कुठे आहे, असं? शेवटी तुम्ही माझी बाजू घेतलीत? की जाता जाता टपली मारलीत? प्रज्ञाला विचारलं. ती म्हणाली, "ब्रदर, आईला पेज दिली तरी ती एवढंच म्हणायची." म्हणजे पेजेत आणि माझ्यात तुम्ही फरक केला नाहीत, हेही शक्य आहे.

आता एक बातमी. तुमच्या खुर्चीवर सध्या मला बसवलंय. हसून घ्या. इन्चार्ज म्हणून सही मी मारतो. आणि पहिल्याच आठवड्यात पोरींनी मला गाठलं. "ब्रदर, तुम्हीच म्हणायचात ना, वरातीत वेळ जातो? टेबलावर घेऊ या ना आता. स्टाफ कमी, पाय दुखतात." खरं होतं. मीच म्हणायचो, आणि त्यांचे पाय खरंच दुखतात. ओपीडीतून खुर्च्या परत आणायला माझा एक शब्द पुरेसा होता. आणि एकदा खुर्च्या आल्या की तुमचं त्या वॉर्डात काही उरणार नव्हतं, हेही मला कळत होतं. मी म्हणालो, विचार करतो. मी आणि विचार, हे ऐकून त्या हसत कामाला लागल्या.

त्याच दिवसांत बाळू आला. हातात पिशवी, तीत वालाच्या शेंगा. दरवर्षी वालाचा पहिला तोडा तो तुमच्यासाठी आणायचा. वॉर्डाच्या दारात उभं राहून म्हणाला, "बाय कुठं हायेत?"

मी सांगितलं. तो बाकावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. माझ्याच्याने गप्प बसवत नाही, तुम्हाला ठाऊक. म्हटलं याच्याकडून तरी निकाल लावून घ्यावा. म्हणून आपलं सगळं भांडण त्याला सांगितलं. माझी गोष्ट, तुमची वरात, ग्लास, खळं. "आता तूच सांग बाळू. तुला कोणी वाचवलं? माझ्या गोष्टीने की बाईंच्या वरातीने?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मण्यार मला चावली आहे.

"ब्रदर, मी जागाच होतो," तो म्हणाला. "समदा ऐकत होतो. तुमी जावय जावय बोलून हसत होता, ता पण."

"मग?"

"मग काय. सकाळपास्ना मना दोन-दोन दिसत होता. सासू पण दोन. घरवालीला बोललो, गो, मना दोन आया दिसतान तुझ्या. ती बोलली, गप ऱ्हा, रातची उतरली नाय तुझी." तो हसला. "एक सासू झेपत नाय, त्यात दोन."

"अरे, मग आम्हाला का नाही सांगितलंस? मी सकाळभर तुझ्या उशाशी होतो."

"तुमी इचारला कुठं? तुमी पोट दाबला नि इचारला, हितं दुखतं का. मी बोललो हो. डोळ्याचा कुणी इचारलाच नाय. मंग जीभ जड झाली. मंग बाय आल्या नि बोलल्या, माझ्याकडं बघ. तवा वाटला, आता सांगावा. पन तवा बोलता येत नवता."

सिस्टर, आपण वर्षानुवर्षं भांडलो. एसटीत, चहावर, तुमच्या प्रज्ञाच्या लग्नात पंगतीत बसूनसुद्धा. कोणाचा ओव्हर बरोबर, तुझा की माझा. आणि ज्याच्यावरून भांडत होतो तो दरवर्षी शेंगा घेऊन दारात उभा राहत होता. त्याला विचारावं, हे तुम्हाला सुचलं नाही आणि मला तर नाहीच. तुमच्या वरातीत नवरदेव फक्त नाव सांगायचा. पुढचं सगळं वऱ्हाडी बोलायचे.

त्या संध्याकाळी एसटीत मला बसायला जागा मिळाली, खिडकीशी. आणि किन्हवलीच्या अलीकडे कुठेतरी माझ्या डोक्यात कल्याणची खोली आली. त्या मुलीला मी तीन गोष्टी सांगितल्या. तुमच्या श्वासाबद्दल, तुमच्या कुशीबद्दल, तुमच्या पाण्याबद्दल. तुमच्या डोक्यावरून, तुम्ही मध्ये पडलेल्या असताना. आणि तुम्ही म्हणालात, एवढंच? तुम्हाला काही सांगायचं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. तुम्हाला गोष्ट हवी होती की टपली मारायची होती की पेजेसारखंच होतं, मला कळणार नाही आता. पण त्या वेळी मी कॉटवर बसून "सिस्टर, तुमचं काही राहिलं का?" एवढं विचारलं असतं, तर निदान तुम्ही नाही म्हणाला असतात.

खुर्च्या ओपीडीतच आहेत. पोरींना सांगितलं, वरात चालू. वर एक कलम माझं. तीन गोष्टी झाल्या की पेशंटकडे बघायचं आणि विचारायचं, तुमचं काही सांगायचं राहिलं का? पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "ब्रदर, तुम्ही वेळ वाचवणार होतात ना?"

पहिल्या दिवशी मी स्वतः निघालो. पहिल्या कॉटवरचा म्हणाला, पंखा कमी करा. दुसरा म्हणाला, घरी कधी सोडता. तिसऱ्याने विचार केला आणि वडापाव मिळेल का, असं विचारलं. पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. खिडकीजवळच्या कॉटवर एक आजी होत्या, तानशाकडच्या, मुरबाडला लेकीकडे आलेल्या. दम्याच्या. कधी तक्रार नाही. तीन गोष्टी झाल्या, येणाऱ्या मुलीने उलट म्हणून दाखवल्या. मी विचारलं, "आजी, तुमचं काही राहिलं का सांगायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाय जरा आवरून कॉटवर जागा केली.

"ऱ्हायला ना, बाबा. बस."

मी पोरींना पुढे जायला सांगितलं आणि बसलो. बाहेर स्टँडवर शहापूरच्या गाडीचा हॉर्न वाजला. माझी एसटी चुकली, सिस्टर. आजवर ती चुकायची माझ्या सांगण्यापायी. कंडक्टरला हे सांगून पटायचं नाही.